तलवार देणारा राजा आणि न देणारा राजा

रोमपुढे वाकलेले आर्मेनियाचे दोन राजे: तिग्रान दुसरा आणि त्रदात पहिला. मधे सव्वाशे-एक वर्षांचं अंतर.

तिग्रान मोठा, यात वाद नाही. सीरियापर्यंत राज्य. इ.स.पू. ६९ मध्ये रोमन सेनापती लुकुल्लसची फौज पाहून तो म्हणाला म्हणे, ‘वकील म्हणून आले असतील तर फार, लढायला आले असतील तर थोडे.’ त्याच दिवशी तिग्रानाकेर्त या आपल्याच राजधानीजवळ सपाटून मार खाल्ला. इ.स.पू. ६६ मध्ये पाँपे या दुसऱ्या रोमन सेनापतीच्या छावणीच्या दाराशी त्याला घोड्यावरून उतरवलं. त्याने तलवार काढून दिली, मुकुट पायाशी ठेवायला गेला. पाँपेने आर्मेनिया त्याच्याकडे राहू दिला. सीरिया गेला, वर ६,००० टॅलेंट (वजनाचं जुनं माप) चांदीचा दंड.

त्रदातचा मामला वेगळाच. हा पार्थियाच्या, म्हणजे तेव्हाच्या इराणी साम्राज्याच्या, राजाचा भाऊ आणि जरथुष्ट्री पुरोहित. समुद्र विटाळायचा नाही म्हणून खुश्कीच्या मार्गाने नऊ महिने प्रवास, सोबत ३,००० पार्थियन स्वार आणि रोज ८ लाख सेस्टर्स (रोमन नाणी) खर्च, तोही रोमच्या तिजोरीतून! रोमन सम्राट नीरोसमोर जाताना शस्त्र काढायला सांगितलं, तर पठ्ठ्याने ते म्यानात खिळे ठोकून बसवलं, पण दिलं नाही. इ.स. ६६ मध्ये नीरोने त्याला मुकुट घातला. गुडघे टेकले खरे, पण परतताना पैसा आणि जळालेली राजधानी आर्ताशात पुन्हा उभारायला कारागीर घेऊन आला. शहराला ‘नेरोनिया’ नाव दिलं, तेवढीच काय ती किंमत.

मला विचाराल तर सौदा त्रदातचाच सरस. अर्थात, त्याच्या पाठीशी पार्थिया होतं; पाँपेपुढे तिग्रान एकटा होता, त्याचा मुलगाही उलटलेला.