‘हपमोबाईल’ या जुन्या अमेरिकन मोटारीचा पार्ट म्हणून मला ४६,३०० रुपयांना बुडवलं, वाचा आणि सावध व्हा

रुपये ४६,३००. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण गावात कोणी दोन लाख म्हणतंय, कोणी पाच. पद्धत तुम्हाला माहीत आहे तीच. आधी थोडे काढायचे, विश्वास बसला की जास्त काढायचे, मोठी रक्कम कायम पुढच्या आठवड्यात. लॉटरीच्या मेसेजवर मी आजवर एक रुपया घालवलेला नाही, केवायसीवाल्यांना शिव्या घालून फोन ठेवतो. मला खोट्या माहितीने कोणी फसवलं नसतं. फोनवर भेटलेल्या एका माणसाने खऱ्या माहितीने फसवलं.

आमचं गाव हिंगणघाट तालुक्यात. जुना कोठा पाडताना मागच्या भिंतीजवळ एक वस्तू निघाली. बिडाचा जड डबा, वर पितळी झाकण, बाजूला हाताने फिरवायची छोटी दांडी. समोरून चार बारीक तांब्याच्या नळ्या तुटलेल्या. आत तळाला काकवीसारखं घट्ट झालेलं काळं तेल. दांडी जोर लावून फिरवली तर आतले चार छोटे दट्टे एकामागून एक खालीवर झाले. बाजूला पितळी पट्टी, तिच्यावर इंग्रजीत यू, पी, पी एवढंच वाचता येत होतं. आजूबाजूचं सगळं गंजाने आणि चिकटाने झाकलेलं. जुन्या गाड्यांच्या हौशी लोकांच्या एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो टाकून विचारलं, हे काय आहे?

ग्रुपवर कोणी उत्तर दिलं नाही. फोन आला. (पहिली गोष्ट इथेच लिहून ठेवा: ज्याला खरंच माहीत असतं तो सगळ्यांसमोर सांगतो.)

तो म्हणाला, पट्टीवरचा ‘एच’ झिजलाय, मूळ शब्द हप. हपमोबाईल गाड्या बनवणारी, डेट्रॉइटची हप मोटार कार कंपनी. रॉबर्ट हप नावाच्या माणसाने काढलेली, पहिली गाडी १९०९ ची, चार सिलिंडर, वीस हॉर्सपॉवर. तुमच्या डब्याला नळ्या किती? चार. बघा! अमेरिकेतली प्रसिद्ध ग्रेहाउंड बस कंपनी सुरू झाली तीसुद्धा १९१४ मध्ये मिनेसोटातल्या हिबिंग गावी, खाणकामगारांना एका हपमोबाईलमधून ने-आण करून. १९४० ला हपमोबाईल बंद पडली आणि लोक विसरले. म्हणून तिच्या पार्टला आज परदेशात सोन्याचा भाव.

यातली कंपनीची एकेक गोष्ट मी रात्री नेटवर तपासली. सगळी खरी निघाली. आता सांगा, मी बावळट का? फक्त माझ्या डब्याचा त्या खऱ्या गोष्टींशी काही संबंध नव्हता, आणि ते नेटवर कुठे लिहिलेलं असणार?

मग त्याने विचारलं, तुमच्याकडे मालगुजार (म्हणजे गावाचे जमीनदार) होते का? होते. त्यांची मोटार होती का? होती, माझे आजोबा तिच्यावर क्लीनर होते. मोटार गेली कुठे? १९५१ ला मालगुजारी संपली, पुढे तीही भंगारात गेली. झालं. दुसऱ्या दिवशी हीच हकीकत त्याने मला ‘पार्टचा इतिहास’ म्हणून टाइप करून पाठवली. माहिती माझी, विकत घेणारा मीच.

पैसे असे गेले. फोटोवरून ओळख पटवण्याची फी २,१०० रुपये. त्यानंतर त्याने मला ५,००० रुपये पाठवले, परदेशी गिऱ्हाइकाचं टोकन म्हणून. खात्यात खरोखर आले. गळाला लावलेलं आमिष ते, पण तेव्हा आमच्या घरचीसुद्धा गप्प झाली. सौदा ठरला ३,८०,००० चा. मग सोनेरी शिक्क्याचं सर्टिफिकेट, ८,५००. मग पुरातत्त्व खात्याचा दाखला, १४,७००. शेवटी कस्टमचं डिपॉझिट २६,०००, ‘परत मिळणारं’. हे तुरीचे पैसे होते.

त्या दाखल्याबद्दल ऐका. १९७२ चा पुरावस्तूंचा कायदा आहे. शंभर वर्षांपलीकडची वस्तू पुरावस्तू ठरली तर खासगी माणसाला ती देशाबाहेर पाठवताच येत नाही. आणि ठरली नाही, तर तसा दाखला पुरातत्त्व खातं देतं, कोणाच्या फोनपे नंबरवर नाही. कस्टमचंही तेच. घेणाऱ्याच्या देशात लागणारी ड्युटी विकणाऱ्याकडून कशाला मागता, हे विचारायला हवं होतं. पण ज्याच्या तोंडून आधीच्या दहा गोष्टी खऱ्या निघाल्या त्याला अकरावी कोण विचारतं?

आता ती रात्र. आठवली की अजून डोकं फिरतं. २६,००० पाठवायच्या आधी त्याने पट्टीचा स्वच्छ फोटो मागितला. आमच्याकडे थ्री फेज तेव्हा रात्रीची होती, हरभऱ्याला पाणी सुरू होतं. मोटारीच्या खोलीत बसून चिंच आणि राखेने पट्टी घासली. यू, पी, पी, आणि त्याच्यापुढे हळूहळू एक ‘एल’ उगवला. त्यापुढे ‘आय’. हप या शब्दापुढे एल-आय कशाला? मी तेव्हाच फोन करून विचारलं, म्हणजे मी विचारलं नाही असं कोणी म्हणू नये. तो क्षणभरही थांबला नाही. म्हणाला, “भाऊसाहेब, एल म्हणजे लेफ्ट हँड, आय म्हणजे इंडिया एक्स्पोर्ट. अभिनंदन, तुमचा पीस आणखी दुर्मिळ निघाला.” वाफ्याचं पाणी फुटलं होतं, मला पळायचं होतं. बांधावर उभ्या उभ्या २६,००० पाठवले. आणखी पाच मिनिटं घासलं असतं तर पुढची अक्षरंही आली असती.

ती आली नंतर, त्याचा फोन बंद झाल्यावर. एस, यू, पी, पी, एल, आय, ई, डी. ‘सप्लाइड बाय’ आणि खाली मुंबईच्या एका एजंट कंपनीचं नाव. गावातले एक काका, ज्यांची हयात कापसाच्या जिनिंगमध्ये फिटरकी करण्यात गेली, त्यांनी डबा पाहिला आणि हसलेच. “कायची मोटार बे? हा तं जिनातल्या इंजिनचा तेलडबा व्हय. दट्ट्यानं चार जागी तेल पाजाचा.” मग घरातून ३/८ डब्ल्यू कोरलेला जुना पाना आणून नटाला लावला. घट्ट बसला. हा विलायती व्हिटवर्थ मापाचा पाना, तेव्हाच्या अमेरिकन गाड्यांच्या नटाला तो नीट बसत नाही, एक तर ढिला होतो नाही तर जातच नाही. ओळख पटवणारा खरा माणूस हेच विचारतो: ओतीव नंबर काय, आटे कोणते, बोल्टच्या छिद्रांमधलं अंतर किती. माझ्या या महाशयांनी एक माप विचारलं नाही, विचारलं ते मालगुजाराचं.

यापुढे सरकारी पाहुणचार. ठाण्यात गेलो. “पैसे तुम्हीच पाठवले ना? मंग त्यानं चोरले कुठं?” म्हटलं, साहेब, यालाच फसवणूक म्हणतात, न्याय संहितेचं कलम ३१८. तर चेहरा असा केला की मीच आरोपी. मग म्हणे सायबरचं आहे, जिल्ह्याला जा. जिल्ह्याला म्हणे, हद्द तुमच्या ठाण्याची. परत ठाण्यात, तर अर्ज टाइप करून आणा. आणला, तर साहेब बंदोबस्तात. एकाने तर हिशेब काढला, ५१,३०० गेले पण ५,००० आले, मग तुमचं नुकसान कमीच! आणि तो डबा टेबलावर ठेवून सगळ्या स्टाफने दांडी फिरवून पाहिली, फोटो काढले, हसले. तक्रारीची पोच मात्र कोणी दिली नाही. बँकेत गेलो तर मॅनेजर म्हणाले, पोलिसांचं पत्र आणा. ठाणं म्हणतं, बँकेचं स्टेटमेंट आणा. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, तक्रार नंबर मिळाला, पण तोवर त्याचं खातं रिकामं. त्या नंबरवर पहिल्या तासातच फोन करायचा असतो, जेवून-झोपून नाही.

हद्दीचं कारण सांगून कोणतंही ठाणं तक्रार नाकारू शकत नाही, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये हे आहे. नाकारली तर एसपींना लेखी पाठवा, रजिस्टर पोस्टाने, पावती जपून. मी पाठवलंय. तेव्हा कुठे ठाण्यातून “या भाऊ, बसा” ऐकू आलं.

परवा पांढरकवड्याकडच्या एका शेतकऱ्याचा फोन आला. त्याच्या घरच्या जुन्या पंपाचा तुकडा म्हणे हडसन कंपनीच्या एसेक्स गाडीचा आहे. तेच सर्टिफिकेट, तोच सोनेरी शिक्का, फक्त गाडीचं नाव बदललेलं. त्याचे २,१०० गेलेत, ५,००० आलेत, ८,५०० उद्या भरणार होता. थांबवलं. आम्ही दोघं मिळून तक्रार देतोय. असं सर्टिफिकेट आणखी कोणाकडे असेल तर फाडू नका, स्क्रीनशॉट आणि यूपीआयचा व्यवहार क्रमांक घेऊन आमच्यासोबत चला.