पोवळ्याची अंगठी: दीड वर्ष वापरून

जळगावच्या सराफ बाजारातून घेतली. सात रत्तीचं पोवळं, चांदीत, खालून उघडं, म्हणजे खडा कातडीला टेकतो. थोडी तक्रार आहे म्हणून दुकानाचं नाव लिहीत नाही. पाचपैकी तीन तारे.

मी रावेर तालुक्यातला केळीवाला. लागोपाठ दोन वर्षं मृगबाग, म्हणजे मृगाच्या सुमारास लावलेली केळी, ऐन घड भरल्यावर मे अखेरच्या वादळात आडवी झाली. पहिल्या वर्षी आई गप्प बसली, दुसऱ्या वर्षी माझी पत्रिका घेऊन गेली. मंगळ आठव्या घरात निघाला. "तुले काय जड आहे? घाल नं बोटात," म्हणाली. घातली. मंगळवारी, उजव्या हाताच्या अनामिकेत, आणि काढायची नाही अशी ज्योतिषाची ताकीद.

खडा खरा आहे. दुकानदाराने भिंग देऊन त्यातल्या बारीक रेषा दाखवल्या. काचेच्या नकलीत त्या नसतात, बुडबुडे दिसतात. मी विचारलं, वादळ थांबेल का? "खडा खरा, एवढीच गॅरंटी माझी." एक तारा या उत्तराचा.

यंदाही वादळ आलं. बांधापलीकडच्या काकांची बाग झोपली, माझी साडेतीन हजारांतली दोनेकशे झाडं गेली. आई म्हणते पोवळं. मी म्हणालो, पश्चिमेच्या बांधाला वारा अडवायला दाट, उंच गजराज गवत लावलं, निसवलेलं (घड बाहेर पडलेलं) झाड न् झाड पट्टीने बांधलं, ते कुठे गेलं? पण काकांनीही हेच केलं होतं, गवताचं बेणं तर माझ्याकडूनच नेलेलं. आणि त्यांच्याही बोटात पोवळंच आहे, माझ्यापेक्षा मोठं. त्यामुळे या मुद्द्यावर तारे देत नाही आणि कापतही नाही. पीक विम्याचा हप्ता मात्र दोघांनीही भरला होता.

आता तक्रार. कोंदणात केळीचा चीक जाऊन काळा थर बसतो. तो जुन्या टूथब्रशने निघतो, त्याचं काही नाही. पण आमच्या बोअरचं पाणी क्षाराचं. ड्रिपच्या नळ्यांत पांढरी खर धरते, ती काढायला अधूनमधून ॲसिड सोडावं लागतं. पोवळं म्हणजे समुद्रातल्या जिवांनी बांधलेलं घर, जात त्या खरीचीच, कॅल्शियमची. टाकीत ॲसिड ओतताना दोन थेंब उडाले, खड्यावर बारीक फेस आला आणि चकाकी गेली. ती कड आता खडूसारखी दिसते. केळीवाल्याला पोवळं विकताना हे सांगायला नको? फोन केला तर दुकानदार म्हणतो, "ॲसिडच्या वेळी काढून ठेवत जा, भाऊ." आणि ज्योतिषी म्हणतो काढायची नाही.

सध्या ॲसिड सोडायच्या दिवशी अंगठी आईच्या बोटात असते. तेवढे दोन तास मंगळ कोणाचा, हे ज्योतिषाला विचारायचं राहिलंय.