जर्मनीत दोन दिवस हातात असतील तर: कोलोन की न्यूरेंबर्ग?

कोलोनला मुख्य स्टेशनातून बाहेर पडलात की समोरच कॅथेड्रल. बांधकाम 1248 मध्ये सुरू झालं, पुरं झालं 1880 मध्ये. दक्षिणेकडच्या मनोऱ्याच्या 533 पायऱ्या चढायची ताकद असेल तर जरूर चढा, वरून ऱ्हाइन नदी सुंदर दिसते. शेजारच्या लुडविग संग्रहालयात पिकासोची चित्रं आहेत. बाकी शहर दुसऱ्या महायुद्धानंतर घाईने उभारलेलं. रस्त्यांत फारसं सौंदर्य नाही, हे आधीच सांगते.

न्यूरेंबर्गची गोष्ट वेगळी. तेही 1945 च्या बॉम्बहल्ल्यात जवळपास बेचिराख झालं होतं, पण जुनं गाव जुन्याच आराखड्यावर पुन्हा उभं राहिलं. तटबंदी, किल्ला, चित्रकार ड्यूररचं घर, सगळं पायी होतं. दुसरा दिवस मात्र नाझी मेळाव्यांच्या मैदानासाठी आणि 600 क्रमांकाच्या न्यायालयासाठी ठेवा. नाझी नेत्यांवरचा 1945-46 चा खटला याच दालनात चालला. मुलं मोठी असतील तर त्यांना आवर्जून न्या.

खाण्यात माझं मत न्यूरेंबर्गलाच. बोटाएवढे सॉसेज, लाकडाच्या विस्तवावर भाजलेले, सोबत आंबट कोबी. घाई असेल तर पावात तीन घालून हातात घ्या. ते डुकराच्या मांसाचे असतात, हे लक्षात असू द्या. शाकाहारी मंडळींना कोलोनच्या बिअरगृहात राईचा पाव, चीज आणि कांदा मिळतो. तिथली कोल्श बिअर 0.2 लिटरच्या ग्लासात येते आणि ग्लासावर बिअरमॅट, म्हणजे ग्लासाखालची पुठ्ठ्याची चकती, ठेवेपर्यंत येतच राहते!

पहिल्यांदाच जर्मनीला जात असाल तर न्यूरेंबर्ग निवडा. ब्रसेल्स किंवा ॲमस्टरडॅमहून येत असाल तर कोलोन सोयीचं. रविवारी दोन्हीकडे दुकानं बंद असतात, खरेदी शनिवारीच उरका.