गॅरेजचे ॲस्बेस्टॉस पत्रे: परवानाधारक ठेकेदार की साधा?

इंग्लंडात जुनं घर घेतलेला मित्र गॅरेजचे पत्रे काढायची दोन कोटेशनं घेऊन अडलाय. परवानाधारकाचं महाग, साध्या ठेकेदाराचं बरंच स्वस्त.

आधी कायदा. 2012 च्या ॲस्बेस्टॉस नियमांनुसार पाइपांवरचं लॅगिंग (उष्णतारोधक वेष्टण), फवारलेला ॲस्बेस्टॉसचा थर आणि बहुतेक वेळा इन्सुलेटिंग बोर्ड (ॲस्बेस्टॉसचे उष्णतारोधक तक्ते) परवान्याशिवाय काढता येत नाही. धडधाकट सिमेंट पत्र्यांना परवाना लागत नाही. प्रशिक्षण मात्र दोघांनाही सक्तीचं.

वेळेत फरक मोठा. परवान्याच्या कामाची सूचना सरकारी यंत्रणेला 14 दिवस आधी द्यावी लागते, शेवटी स्वतंत्र तपासनीस जागा आणि हवा तपासतो. साध्या कामात हे थांबणं नाही.

पण स्वस्तातला माणूस पत्रा कसा उतरवतो ते नीट बघ. पत्रा ओला करून, बोल्ट कापून, अख्खाच खाली यायला हवा. हातोडा घातला की तंतू हवेत, आणि त्याचा आजार कित्येक वर्षांनी उमटतो. धोकादायक कचऱ्याची पावती दोघांकडूनही मागच.

फक्त धड पत्रे असतील तर प्रशिक्षित साधा ठेकेदार पुरे. आतल्या छताला बोर्ड असेल किंवा शंका असेल, तर आधी प्रयोगशाळेत नमुना दे. बोर्ड निघाला तर परवानाधारकच.