घरपट्टीचं सॉफ्टवेअर अडकलंय: आहे तो कंत्राटदार ठेवावा की नव्याने निविदा काढावी?

मुदत कधीच उलटली, निम्म्याहून जास्त देयकं गेली, आणि प्रभाग कार्यालयाच्या खिडकीवर जुनं आणि नवं अशी दोन्ही सॉफ्टवेअर अजून शेजारी शेजारी उघडी आहेत. ठाणे जिल्ह्यात सहा महापालिका आहेत. ही वेळ कुणावरही येऊ शकते. फाइल ज्यांच्या टेबलावर येते त्यांच्यासमोर मुख्यतः दोन वाटा असतात: त्याच कंत्राटदाराकडून काम सावरून घेणं, किंवा करार रद्द करून नवी निविदा. मी दोन्ही वाटांनी गेलोय, म्हणून लिहितोय.

वाट निवडायच्या आधी दुखणं कुठे आहे ते बघा. एका नागरी संस्थेत मी दोन दिवस नुसता खिडकीमागे बसलो होतो. एक आजी बिल घेऊन आल्या. बिलावर नाव ‘शमार्’. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये (आताच्या सर्वमान्य संगणकीय लिपी-पद्धतीत) आणताना रफार घसरला होता. नाव राहू द्या, पण भरलेली तीन वर्षांची घरपट्टी पुन्हा थकबाकीत, आणि त्यावर दरमहा २ टक्के शास्ती. आजींनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून पावत्या काढल्या. पावत्या हाताने लिहिलेल्या. सर्व्हर बंद असताना पावतीपुस्तकावर वसुली झाली होती आणि ती संगणकात कुणी चढवलीच नव्हती. नव्या सॉफ्टवेअरचं गणित बरोबर होतं, त्याला दिलेली आरंभीची बाकीच चुकीची होती. कंत्राटदार बदलला असता तर हाच डेटा नव्या माणसाच्या गळ्यात पडला असता.

सावरून घ्यायचं म्हटलं तर मोठा फायदा एकच, पण तो खरा आहे: त्या टीमला तुमचे करदर, सवलती, हस्तांतरणाचे नियम एव्हाना कळलेले असतात. ते शिकायला नव्या टीमला वर्षभर लागेल. मात्र काम कमी केल्याशिवाय ही वाट चालत नाही. अशा सॉफ्टवेअरमध्ये घरपट्टीबरोबर पालिकेची इतर कामंही असतात, एकेका कामाचा एकेक भाग म्हणजे मॉड्यूल. चौदा मॉड्यूल एकदम ओढू नका. मालमत्ता कर, पाणीपट्टी आणि लेखा आधी उभे करा. जन्म-मृत्यू नोंदणीचंच बघा. १ ऑक्टोबर २०२३ पासून सुधारित कायदा लागू आहे आणि नोंदी केंद्राच्या पोर्टलवर होतात. तरी जुन्या व्याप्तीत ते मॉड्यूल असेल तर त्यावर पैसा आणि वेळ कशाला घालवायचा?

प्रत्येक विभागप्रमुखाची ‘आमच्याकडे असंच चालतं’ ही मागणी पुरवणंही थांबवावं लागतं. ब्रिटनमधल्या बर्मिंगहॅमच्या नगरपरिषदेने एप्रिल २०२२ मध्ये ओरॅकल कंपनीची हिशोबाची प्रणाली सुरू केली. आपल्या पद्धतींसाठी तीत इतके फेरफार केले की बँक ताळमेळच लागेना आणि खर्च मूळ अंदाजाच्या कैक पट झाला. अखेर त्यांनी उत्पादन तेच ठेवलं आणि कमीत कमी फेरफार करून ते नव्याने उभारायचं ठरवलं.

नवी निविदा कधी काढावी? कंत्राटदाराची मूळ टीम सोडून गेली असेल, तो डेटाबेसची पूर्ण प्रत द्यायला टाळाटाळ करत असेल, किंवा तीच चूक तिसऱ्यांदा दुरुस्त होऊन पुन्हा येत असेल, तर थांबण्यात अर्थ नाही. पण हिशोब पूर्ण मांडा. प्रारूप, तांत्रिक आणि आर्थिक लिफाफे, स्थायी समिती, मध्येच आचारसंहिता. तोवर जुन्या सॉफ्टवेअरची देखभाल कोण करणार, हे लेखी हवं. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यात नागरिकाला सेवा द्यायची मुदत चुकली आणि पुरेसं कारण देता आलं नाही, तर ५०० ते ५,००० रुपये दंड पदनिर्देशित अधिकाऱ्याला, म्हणजे ती सेवा देण्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याला, होतो. तो कंत्राटदाराच्या बिलातून कापला जात नाही. आणि रद्दची नोटीस काढण्याआधी डेटा, डेटाबेसमधल्या तक्त्यांच्या रचनेची माहिती आणि करारात असेल तर सोर्स कोड (सॉफ्टवेअरचा मूळ लिखित प्रोग्रॅम) ताब्यात घ्या, आपल्या माणसाकडून दुसऱ्या सर्व्हरवर उघडून बघा. नोटिशीनंतर मागायला गेलात तर तारखांवर तारखा मिळतात.

ठरत नसेल तर एकच प्रभाग घ्या. मागील बाकी अधिक चालू मागणी वजा वसुली, जुन्यात किती आणि नव्यात किती? फरक निघालेल्या मालमत्तांपैकी पन्नास कागद हाताने तपासा. नवी मुंबईत असाल तर त्यांत वाशीच्या सेक्टरमधली सदनिका घ्याच, पण घणसोली गावठाणातलं घरही घ्या. सेक्टर आणि प्लॉट नंबर सक्तीचा ठेवलेला फॉर्म तिथेच अडतो. बहुतेक चुका डेटाच्या निघाल्या तर कंत्राटदार ठेवा आणि पावतीपुस्तकं चढवायला वेगळी माणसं लावा. आकारणीचं गणितच चुकत असेल, आणि महिनाभरात ते सुधारलं नाही, तर निविदेच्या तयारीला लागा.

माझा कल पहिल्या वाटेकडे आहे, पुढची देयकं मॉड्यूल ‘बसवलं’ म्हणून न देता प्रभागाचा ताळमेळ लागला की द्यायची या अटीवर. आणि काहीही ठरलं तरी मार्चमध्ये बदल करू नका. सगळा कर्मचारीवर्ग तेव्हा वसुलीवर असतो, चूक दाखवायलाही कुणी जागेवर नसतं. पहिल्या सहामाहीची बिलं वाटून झाली की जुलैत एका प्रभागापासून सुरुवात करा.