बीनबॅग, सात महिन्यांनी: कापड पक्कं, चेन भिकार

लेन्सखालची बीनबॅग म्हणजे कॅमेरा हलू नये म्हणून लेन्सला टेकू द्यायची, धान्य भरलेली पिशवी. माझी खोगिरासारखी, दोन कप्प्यांची, गाडीच्या दारावर बसणारी. साडेअकराशे रुपये. रिकामीच नेली, कारण विमानात हातातल्या सामानाचे सात किलो १५०-६०० एमएमची लेन्स आणि दोन कॅमेरा बॉड्यांनीच खाल्ले होते.

सप्टेंबरात मसाई माराला जाताना नारोकच्या बाजारात तीन किलो राजमा भरला. स्वाहिलीत ‘महारागे’. घरून प्लॅस्टिकच्या पिशवीत धान्य न्यायचा विचार असेल तर सोडा, केनियात २०१७ पासून त्या पिशव्यांवर बंदी आहे. कप्प्याचं तोंड जेमतेम चार बोटं. वर्तमानपत्राचं नरसाळं करून अर्धा तास ओतत बसलो.

पहिले दोन दिवस मात्र खूश. लँड क्रूझरमध्ये ट्रायपॉडला जागा नसते आणि एकपायी मोनोपॉड कुणाच्या तरी पायात येतो. गाईडनं इंजिन बंद केलं की ही पिशवी दगडासारखी बसते. फांदीवर झोपलेला बिबट्या ६०० एमएमला १/८० सेकंदाच्या शटरवर असा आला की मिशा मोजाव्यात. (मागे पांढरं आभाळ असेल तर एक्स्पोजर, म्हणजे फोटोतला उजेड, एक-दीड स्टॉप वाढवा, नाहीतर नुसता काळा बोळा येतो.) तेव्हा लिहिलं असतं तर पाच तारे दिले असते.

तिसऱ्या सकाळी तालेक नदीकाठी बिबट्याच्या एका मादीनं झाडाच्या बेचक्यात इंपाला अडकवून ठेवला होता, तरसांच्या तोंडी लागू नये म्हणून. तिथला नियम: जनावराजवळ पाचच गाड्या, मागे रांग असेल तर दहा मिनिटांत जागा सोडायची. जुलै ते डिसेंबर प्रवेशाचे माणशी बारा तासांचे २०० डॉलर, म्हणजे ती दहा मिनिटं पावणेतीन डॉलरची. (बायको म्हणाली, इथेही हिशोब?) आठव्या मिनिटाला ती उठली आणि डोकं खाली करून खोडावरून उतरायला लागली. मी पिशवी दारावरून उचलून छताच्या कडेवर टाकली. चेनचे दात उसवले. पत्र्यावर गारा पडाव्यात तसा राजमा खाली. मादीनं फक्त एक कान आमच्याकडे वळवला. माझ्याकडे सात फोटो आहेत: सहांत हललेलं बूड, सातव्यात शेपटीचं टोक, ते मात्र खणखणीत.

गाईडनं सीटखालचा राजमा मूठमूठ गोळा केला आणि टायरच्या ट्यूबची पट्टी कापून तोंड आवळलं. उरलेले दिवस त्या पट्टीवर निघाले. शेवटच्या दिवशी राजमा तोच घरी घेऊन गेला.

परतल्यावर कंपनीशी आठ मेल. त्यांचं म्हणणं, वॉरंटी शिवणीला आहे, चेनला नाही, शिवाय पिशवी ठासून भरलेली दिसते! चिडलो. पण ठासली होती हे खरंय. पाऊणच भरायची असते, म्हणजे लेन्स नीट रुतते. फक्त हे पिशवीवर छापायला काय जात होतं?

शेवटी घराजवळच्या बॅगा शिवणाऱ्यानं साठ रुपयांत जाड चेन लावून दिली. मार्चमध्ये ताडोबाला जिप्सीच्या दांड्यावर हीच पिशवी होती, कुरकुर नाही. कापडाचा तर अजून धागा निघालेला नाही. या खेपेला तांदूळ भरले होते, ते तसेच कपाटात राहिले. एप्रिलमध्ये पोरकिडे रांगेनं बाहेर पडले आणि आईनं पिशवी गॅलरीत फेकली. घरी आल्या आल्या रिकामी करा.

तीन तारे. त्यातला एक साठ रुपयांच्या चेनचा.