लहान आतड्याची गाठ: ऑपरेशन, गोळी की केमो?

सीटी स्कॅनमध्ये लहान आतड्यात गाठ दिसली की घरात पहिली चर्चा होते ती सोलापुरातच करायचं की पुण्या-मुंबईला जायचं याची. त्याआधी गाठीची जात कळायला हवी. आतड्याचा टीबीही स्कॅनवर कधीकधी कॅन्सरसारखाच दिसतो, आणि त्याला बहुतेकदा टीबीच्या गोळ्याच पुरतात. अडचण अशी की साधी दुर्बीण फक्त सुरुवातीच्या ड्युओडेनमपर्यंत पोचते, खालून कोलोनोस्कोपी शेवटच्या थोड्या भागापर्यंत. मधल्या भागासाठी एन्टेरोस्कोपी, म्हणजे खोलवर जाणारी लांब दुर्बीण, लागते.

अॅडेनोकार्सिनोमा (आतड्याच्या आतल्या अस्तराचा कॅन्सर) निघाला आणि लांब पसरलेला नसेल तर ऑपरेशनला पर्याय नाही. आतड्याच्या तुकड्यासोबत जवळचे लिम्फ नोडही (लसिकाग्रंथी) काढतात. किमान 8 नोड तपासले का, हे रिपोर्टमध्ये बघा. गाठ ड्युओडेनममध्ये पित्तनळीच्या तोंडापाशी असेल तर व्हिपल ऑपरेशन, म्हणजे स्वादुपिंडाचं डोकंही जातं. आत शिवलेला जोड गळण्याचा धोका असतो, म्हणून सर्जन वर्षाला अशी किती करतात हे बिनधास्त विचारा. जेजुनममधली (लहान आतड्याच्या मधल्या भागातली) गाठ काढणं त्यामानाने सोपं. कॅन्सर नोडमध्ये पसरलेला असेल तर ऑपरेशननंतर केमो.

जिस्ट (GIST, आतड्याच्या भिंतीतून उगवणारी गाठ) असेल तर नोड सहसा काढत नाहीत, पण गाठ फुटता कामा नये. फुटली तर कॅन्सरच्या पेशींची पोटभर पेरणी होते. गाठ मोठी असेल तर आधी इमॅटिनिबची गोळी देऊन आकसवतात. रोज 400 मिलिग्रॅम, जेवणासोबत आणि मोठा ग्लासभर पाण्यासोबत. परत येण्याचा धोका जास्त असेल तर ऑपरेशननंतर 3 वर्षं. जनुक तपासणी टाळू नका, काही प्रकारांत ही गोळी लागूच पडत नाही.

लिम्फोमात (लसिका पेशींच्या कॅन्सरमध्ये) हिशोब उलटा: मुख्य इलाज केमो, आणि ऑपरेशन मुख्यतः आतडं अडलं, फुटलं किंवा रक्त थांबेना तर. केमो चालू असताना पोट अचानक दुखून कडक झालं तर त्याच तासाला दवाखाना.

न्यूरोएंडोक्राइन गाठ (हार्मोन बनवणाऱ्या पेशींची) सहसा हळू वाढते. जमेल तिथे ऑपरेशन, पसरली असेल तर ऑक्ट्रिओटाइडचं लांब चालणारं इंजेक्शन दर 4 आठवड्यांनी. चेहरा लाल होणं, जुलाब असा त्रास असेल तर भूलतज्ज्ञांना आधीच सांगा, भुलीत रक्तदाब कोसळू शकतो.

केमोसाठी दर 3 आठवड्यांनी मुंबई गाठण्यापेक्षा सल्ला तिथला आणि सलाईन बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलात, असं जमतं का विचारा. जाताना नुसता रिपोर्ट नको, बायोप्सीचे ब्लॉक आणि स्लाइडही न्या. फुले योजनेत काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनीसाला) दाखल होण्यापूर्वी विचारा.

ऑपरेशननंतर कडक भाकरी, शेंगाचटणी काही आठवडे बंद. इलियमचा, म्हणजे लहान आतड्याच्या खालच्या भागाचा, शेवटचा तुकडा काढला असेल तर बी-12 तोंडाने नीट शोषलं जात नाही. इंजेक्शन बहुधा जन्मभर.